फोटोत गटाराचा उतार उलटा दिसतोय? आधी फोटो सरळ आहे का ते बघा

पावसाळा लागला की पोर्टलच्या व्हॉट्सॲपवर दोन तऱ्हेचे फोटो येऊन पडतात. एक हौसेचे : गोकाकचा धबधबा, आंबोलीचे धुके, चोर्ला घाटातली वळणे, मिरामारचा समुद्र. दुसरे तक्रारीचे : नवे गटार बांधले पण पाणी उलटे येते, शेजारच्याने बांध उचलला आणि पाणी आमच्या भातात, रस्ता उंच केला आणि घराचा उंबरा खाली गेला. बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून तर अशा फोटोंची रांगच लागते.

पहिल्या तऱ्हेचा फोटो थोडा कललेला असला तर फारसे बिघडत नाही. समुद्र डाव्या कोपऱ्यातून सांडतोय असे दिसते, ग्रुपवर दोघेजण हसतात, विषय संपतो. दुसऱ्या तऱ्हेत मात्र सगळा मुद्दाच उताराचा असतो. तिथे फोटो कललेला निघाला तर तक्रारीत जीव राहत नाही. टेबलापलीकडचा माणूस फोटो बघून एवढेच म्हणतो, "मोबाईल वाकडा धरलाय की हो तुम्ही." त्याचे म्हणणे खोटे असेलही, पण ते खोडून काढायला आपल्या हातात काही नसते. म्हणून बाहेर, उघड्यावर काढलेला फोटो सरळ आहे की कललेला हे ओळखायचे कसे, ते जरा सविस्तर बघू.

आधी आकडे

एक अंशाचा कल म्हणजे किती? ५७ फुटांच्या अंतरात एक फूट. ऐकायला बरेच वाटते, पण फोटोत तो सहज लपतो. मोबाईल उभा धरून आडवा फोटो बघितला तर स्क्रीनवर त्याची रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास असते. तेवढ्यात एक अंशाचा फरक म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सव्वा मिलिमीटर. सहा इंची छापील फोटोत तोच फरक अडीच-पावणेतीन मिलिमीटर होतो. म्हणून मोबाईलवर सरळ वाटलेला फोटो मोठ्या स्क्रीनवर किंवा कागदावर आला की एकदम कललेला वाटायला लागतो.

आता गटाराचा हिशोब. शंभर फुटांत एक फूट असा उतार असेल तर तो अर्ध्या अंशाच्या जरा वर, ०.५७ अंश. दोनशे फुटांत एक फूट असेल तर ०.२९ अंश. सपाट वस्तीतल्या गटारांचे उतार याच हिशोबातले किंवा याहूनही मंद असतात. आणि हातात धरलेला मोबाईल एक अंशाने कलणे ही अगदी रोजची गोष्ट. म्हणजे मोजायची वस्तू पाव अंशाची आणि मोजणाऱ्या हाताची चूक तिच्या तिप्पट-चौपट. सोनाराने भाजीच्या काट्यावर सोने तोलावे, तसा हा प्रकार. नुसत्या फोटोवरून "उतार उलटा आहे" असे ठामपणे कुणालाच म्हणता येत नाही, तक्रारदाराला नाही आणि "उतार बरोबर आहे" म्हणणाऱ्या ठेकेदारालाही नाही.

कॅमेऱ्यापुढे जे असते ते तो टिपतो. जमीन कुठे सपाट आहे हे चित्रावरून त्याला कळत नाही. चित्राच्या आत एखादा साक्षीदार असेल तरच ते कळते. मग साक्षीदार कोण चालतो आणि कोण फितूर होतो, हाच खरा प्रश्न.

समुद्राची रेघ

सगळ्यात खात्रीचा साक्षीदार म्हणजे उघड्या समुद्राचे क्षितिज. किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची पाच-सव्वापाच फूट धरली तर हे क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असते आणि डोळ्याच्या समोरासमोरच्या पातळीपासून इतके कमी खाली असते की फोटोत तो फरक येतच नाही. कळंगुटला किंवा मिरामारला उभे राहून काढलेल्या फोटोत ही रेघ दोन्ही कडांना सारख्या उंचीवर नसेल, तर फोटो कललेला आहे. वाद संपला. फोटोच्या खालच्या कडेपासून डावीकडे आणि उजवीकडे पट्टीने मोजा, लगेच कळते.

त्यातही दोन खाचाखोचा आहेत. पहिली, किनाऱ्यावरची फेसाची रेघ म्हणजे क्षितिज नव्हे. लाटेची कड आपल्यापासून तिरकी लांब जाते, म्हणून फोटोतही तिरकीच दिसली पाहिजे. पुष्कळ हौशी मंडळी फेसाची रेघ आडवी करायला जातात आणि मागचा समुद्र वाकडा करून ठेवतात. दुसरी खाच भिंगाची. मोबाईलमध्ये 'जास्त मोठे दृश्य' घेणारे जे रुंद भिंग असते, त्यात चित्राच्या मधोमध नसलेली सरळ रेघ कधी धनुष्यासारखी वाकते. क्षितिज मध्याच्या वर असेल तर कमानीसारखे, खाली असेल तर झोळीसारखे. अशा वेळी मधला एकच तुकडा बघून निकाल देऊ नये; दोन्ही टोके ताडून बघावीत.

पण समुद्र गोवेकरांना. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या वाचकांनी काय करायचे? इथे लोकांचा पहिला हात तलावाच्या काठावर जातो आणि फसगतीला सुरुवात होते.

तलावाचा काठ : अर्धा खरा साक्षीदार

साचलेले पाणी समपातळीत असते हे खरे. पण पाणी समपातळीत असणे वेगळे आणि त्याचा काठ फोटोत आडवा दिसणे वेगळे. समोरचा काठ डावीकडे जवळ आणि उजवीकडे लांब असेल, तर जवळचा भाग फोटोत खाली दिसणार आणि लांबचा वर. फोटो अगदी सरळ असला तरी काठ तिरका दिसणार, आणि तसाच दिसायला हवा.

किती तिरका, हे तुम्ही पाण्यापासून किती उंचीवर उभे आहात त्यावर ठरते. समजा राकसकोपसारख्या जलाशयासमोर आहात. फोटोच्या डाव्या टोकाला दिसणारा काठ तुमच्यापासून २०० मीटरवर आणि उजव्या टोकाचा ४०० मीटरवर आहे, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण ६० अंशांचे दृश्य फोटोत मावते. पाण्याच्या अगदी कडेला उभे राहून, दीड मीटर उंचीवरून फोटो काढला तर काठ ०.२ अंश तिरका दिसेल, म्हणजे जवळपास आडवाच. तोच फोटो दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून काढला तर सुमारे दीड अंश. आणि तीस मीटर उंचीच्या टेकडीवरून काढला तर चार अंशांहून जास्त.

आता या शेवटच्या फोटोचे काय होते बघा. फोटो बिनचूक सरळ आहे. पण काठ चार अंश तिरका दिसतो म्हणून कुणीतरी तो आडवा करतो. लगेच डोंगरावरची झाडे, विजेचे खांब, घरे सगळी चार अंशांनी झुकतात. सरळ होता तो फोटो 'सुधारून' वाकडा केला. पुराचे फोटो बहुतेक गच्चीवरून नाहीतर ड्रोनने काढलेले असतात, आणि पाण्याखाली गेलेल्या शेताची कड कधीच आपल्याशी काटकोनात नसते. म्हणून पुराच्या फोटोत पाण्याच्या कडेवरून फोटोचा कल ठरवू नये. जितके उंच उभे राहाल, तितका काठ कमी भरवशाचा.

धबधब्याच्या माथ्याचेही असेच. गोकाकच्या धबधब्याचा माथा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. खालून वर बघताना माथ्याची जवळची बाजू फोटोत उंच दिसते, लांबची बुटकी. वरून बघितले की बरोबर उलटे. सह्याद्रीतल्या सड्यांची कड दुरून पट्टीने ओढल्यासारखी दिसते, तिच्यावरही अनेकांचा विश्वास बसतो. पण सड्याला स्वतःचा थोडा उतार असतो आणि तो आपल्याला तिरका दिसत असतो तो वेगळाच. डोंगराची रेघ ही रेघ म्हणून कितीही देखणी असो, साक्षीला उपयोगाची नाही.

प्रतिबिंब मात्र खोटे बोलत नाही

पाणी शांत असेल तर काठाकडे न बघता प्रतिबिंबाकडे बघा. खांबाचे टोक आणि त्याच्या प्रतिबिंबाचे टोक नेहमी एकमेकांच्या सरळ वर-खाली असते. झाड स्वतः वाकडे असले तरी त्याचा शेंडा आणि पाण्यातला शेंडा यांना जोडणारी रेघ उभीच असते. हैदराबादला हुसेनसागरातला बुद्ध, बडोद्याला सूरसागरातला महादेव, दोन्ही मूर्ती पाण्याच्या मधोमध आहेत. वारा पडलेला असताना काढलेल्या फोटोत डोक्यापासून प्रतिबिंबातल्या डोक्यापर्यंत पट्टी लावा. ती रेघ फोटोच्या उभ्या कडेला समांतर आली तर फोटो सरळ. हे तपासताना मूर्ती फोटोच्या मध्याजवळ हवी, कडेला नको. कडेला का नको, ते पुढे येतेच.

उभ्या वस्तूंची परीक्षा

क्षितिज नाही, पाणी नाही, तर उभ्या वस्तू. इथे सरसकट भरवसा ठेवून चालत नाही. विजेचा खांब तारांच्या ओढीने झुकतो, मऊ जमिनीत तर हमखास. माड उजेडाकडे झुकतो. किल्ल्याच्या बुरुजाची भिंत पायथ्याशी रुंद आणि वर निमुळती, म्हणून तिची कड मुळातच तिरपी. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या तटाची वरची रेघ टेकडीच्या कडेने जाते. तिला आडवी समजून फोटो सरळ करणे म्हणजे टेकडी वाकडी करणे. देवळापुढची दीपमाळ निमुळती असते, तिची एक कड धरू नये. दोन्ही कडांच्या मधली रेघ धरावी. दीपगृहाचे आणि मिनाराचेही तेच.

चांगला साक्षीदार म्हणजे ओळंबा लावून बांधलेली भिंत, दाराची चौकट, घराचा कोपरा. गवंडी सहसा ओळंब्याला फसवत नाही. त्याहून चांगली म्हणजे नुसती लटकणारी वस्तू : देवळातल्या घंटेची साखळी, मंडपात टांगलेला दिवा, विहिरीत सोडलेला दोर. वारा नसेल तर ही सगळी आयती ओळंबेच.

आता कडेचा मुद्दा. मोबाईल वर करून फोटो काढला की उभ्या रेघा वरच्या बाजूला आत झुकतात. चारमिनारच्या जवळ उभे राहून वर बघत फोटो काढा : डावा मिनार उजवीकडे झुकलेला, उजवा डावीकडे. हा कल नव्हे. मोबाईलची मान वर केल्याचा तो परिणाम आहे, आणि फोटो फिरवून तो जात नाही. उलट एकाला सरळ करायला जाल तर दुसरा दुप्पट पडेल. खूण सोपी आहे : दोन्ही कडेच्या रेघा एकमेकींकडे सारख्याच झुकल्या असतील तर फोटो सरळ आहे, फक्त मान वर आहे. दोन्ही एकाच दिशेला झुकल्या असतील तर मोबाईल वाकडा धरलेला आहे. आणि एक जास्त, एक कमी झुकली असेल तर दोन्ही गोष्टी झाल्या आहेत. म्हणूनच निकाल मधल्या उभ्या रेघेवरून द्यायचा. इंदूरच्या राजवाड्याचा समोरून काढलेला फोटो घेतलात तर मधल्या भागाची उभी रेघ बघा, कोपऱ्यांची नको.

रस्ता आणि घरांच्या ओळी

गल्लीत उभे राहून लांबवर बघत काढलेला फोटो असेल तर आणखी एक युक्ती चालते, आणि ती फोटो कललेला असला तरी चालते. गॅलऱ्या, छज्जे, दुकानांच्या पाट्या यांच्या रेघा लांब जाताना एका बिंदूकडे धावतात. आपल्या डोळ्याच्या वर असलेल्या रेघा खाली उतरतात, खालच्या वर चढतात. समपातळीतल्या रेघा असतील तर त्या जिथे मिळतात तो बिंदू नेमका डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे क्षितिजावर. आता रस्त्याच्या दोन कडा कुठे मिळतात ते बघा. त्या घरांच्या रेघांच्या बिंदूवरच मिळत असतील तर रस्ता सपाट. त्याच्या वर मिळत असतील तर रस्ता पुढे चढतोय, खाली मिळत असतील तर उतरतोय.

ही पद्धत वापरताना एक पथ्य. घरांच्या रेघा खरोखर समपातळीत आहेत का ते ठरवा. चढावरच्या गल्लीत प्रत्येक घर पायरीपायरीने वर जाते, तिथे पाट्यांची एकूण ओळ चढतीच असते. एकाच घराचा छज्जा धरा, सगळ्या गल्लीची ओळ नको. शिवाय दोन-तीन अंशांचे चढउतार यात कळतात, पाव अंशाचा गटाराचा उतार नाही.

आमच्या कॉमर्सवाल्यांना हे लगेच पटेल : ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशोब बरोबर असे नसते, एक चूक दुसरीला झाकून बसलेली असू शकते. झुकलेला खांब आणि तिरका काठ एकमेकांशी जुळले, तरी दोघे मिळून खोटे बोलत असतील. एकमेकांशी संबंध नसलेले निदान दोन साक्षीदार घ्यावेत : एक उभा, एक आडवा.

डोळा आणि मोबाईल

"पण मी तिथे उभा होतो, डोळ्यांनी बघितलंय," असे बरेच जण सांगतात. डोळ्यालाही आजूबाजूचा आधार लागतो. लेह-कारगिल रस्त्यावर लेहपासून काही अंतरावर 'मॅग्नेटिक हिल' नावाची जागा आहे. तिथे गाडी न्यूट्रलला टाकली की ती चढावर सरकते असे वाटते. चुंबक वगैरे काही नाही. आजूबाजूच्या उतारांमुळे आणि खरे क्षितिज झाकले गेल्यामुळे मंद उतारच चढासारखा भासतो. आपल्या घाटातही तीव्र उतारानंतर मंद उतार आला की तो सपाट किंवा थोडा चढताच वाटतो. सायकलवाल्यांना विचारा, पायांना कळते ते डोळ्यांना कळत नाही. रस्ता नव्याने उंच केलेल्या गल्लीत, जुन्या नव्या जोत्यांच्या गर्दीत, हाच भास गटाराबद्दल होऊ शकतो. आणि गटार खरोखर उलटे असूनही बरोबर दिसते, हेही तितकेच शक्य आहे. पाणी कुठल्या दिशेला जाते हे मात्र डोळ्याला नक्की कळते, त्याचा व्हिडिओ घ्या.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या रेघांची जाळी चालू करता येते, बऱ्याच मोबाईलमध्ये पातळी दाखवणारी रेघही असते. चालू करून ठेवा, पैसे पडत नाहीत. ही रेघ मोबाईलमधल्या ॲक्सिलरोमीटरवर चालते. तो गुरुत्वाकर्षणाची ओढ कुठल्या दिशेला आहे ते ओळखतो. तुम्ही स्थिर उभे असाल तर काम चोख. पण वळण घेणाऱ्या बसच्या खिडकीतून किंवा हलत्या होडीतून फोटो काढताना त्याला वळणाची ओढही लागते आणि रेघ चुकीची दाखवली जाते. 'ऑटो' बटण दाबून फोटो सरळ करण्याची सोयही असते. ती चित्रातल्या ठळक रेघांच्या आधाराने अंदाज बांधते, तेव्हा तलावाच्या काठावर आपण फसतो तशीच तीही फसू शकते.

हौसेचा फोटो हाताने फिरवायचा असेल तर एक खर्च लक्षात ठेवा. फिरवला की कोपरे कापावे लागतात. नेहमीच्या चार बाय तीन आकाराचा फोटो एक अंशाने फिरवला तर क्षेत्रफळातला साडेचार टक्के भाग जातो, तीन अंशांनी फिरवला तर बारा टक्क्यांच्या वर. कडेला उभा असलेला काका अर्धा कापला जातो तो यामुळेच.

मग गटाराचा पुरावा कसा द्यायचा?

फोटोतच पातळी नेऊन ठेवायची. त्यासाठी इंजिनियर लागत नाही. गवंड्याकडे पारदर्शक पाण्याची नळी असते, लेव्हल पाइप म्हणतात तो. ती नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणा. नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. गटाराच्या एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोन्ही टोके उघडी हवीत. पाणी हलायचे थांबले की दोन्हीकडे पाण्याची पातळी जिथे आहे तिथे भिंतीवर किंवा रोवलेल्या काठीवर खूण करा. या दोन खुणा समपातळीत आहेत, मधे जमीन कशीही असो.

दोन खुणांमध्ये दोरी ताणून बांधा. लांबी जास्त असेल तर दोरी मधे झोळ घेते, म्हणून मापे खुणांपाशीच घ्यायची, मधे नाही. आता प्रत्येक खुणेपासून सरळ खाली गटाराच्या तळापर्यंत टेप लावा. समजा दोन टोकांमधले अंतर ६० फूट. पाणी येते त्या टोकाला माप २४ इंच आले आणि पाणी बाहेर पडायला हवे त्या टोकाला २१ इंच. म्हणजे बाहेरच्या टोकाचा तळ तीन इंच उंच आहे. उतार उलटा, २४० ला एक. हाच उतार नुसत्या फोटोत पाव अंशाहूनही कमी दिसला असता. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत टोकाटोकांमध्ये १७ पिक्सेलचा फरक. हात जरा हलला की गेला. टेपवर मात्र तीन इंच ते तीन इंच.

तळात गाळ असेल तर आधी काढा, नाहीतर "तो गाळ मोजलाय तुम्ही" असे ऐकून घ्यावे लागेल. दोन्ही टोकांना टेपचे आकडे वाचता येतील असे जवळून फोटो घ्या, आणि मग एक लांबून, ज्यात दोरी, दोन्ही खुणा आणि गटार सगळे येईल. हा लांबचा फोटो काढताना मोबाईल दोरीच्या उंचीवर धरा. दोरी आणि मोबाईल एकाच उंचीवर असले की दोरी तिरकी लांब जात असली तरी फोटोत आडवीच दिसते, कारण ती क्षितिजाच्या रेघेवर येते. तरीही ती कललेली दिसली, तर मोबाईल तितकाच कललेला होता हे कुणालाही कळते, आणि ते लपवण्याचीही गरज राहत नाही. पुराच्या पाण्याने भिंतीवर सोडलेल्या रेघेलाही हाच नियम लागू आहे : पाणी साचलेले होते तिथली रेघ समपातळीतली असते, मोबाईल तिच्या उंचीवर धरून फोटो घ्या, घरांची आख्खी ओळ एका रेघेत येते.

शेताच्या बांधाचेही मोजमाप असेच, फक्त नळी लांब लागते आणि दोन-तीन टप्प्यांत करावे लागते. शक्य असेल तर शेजाऱ्यालाच नळीचे दुसरे टोक धरायला सांगा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात, उरलेल्या निम्म्यांना निदान आकडा मिळतो.

असे फोटो पाठवताना फिरवू नका, कापू नका, रंग उजळू नका. कललेला असला तरी मूळ फोटोच पाठवा. सरळ केलेली प्रत हवी तर वेगळी जोडा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि काढल्याची तारीख-वेळ वगैरे माहिती गळून पडते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. निवेदनात अंतर, दोन्ही मापे आणि तारीख आकड्यांत लिहा. अर्ज कुठल्या भाषेतला घेतात हा आपल्याकडचा वेगळा आणि जुना विषय आहे, पण टेपवरचे आकडे दोन्हीकडे वाचता येतात. मोजणी शक्यतो पाऊस थांबून गटार रिकामे झाले की करा, आणि टेपचे शून्याचे टोक तळाला टेकलेले फोटोत दिसू द्या.